मिरॅकल फ्रूटच्या पानांची टोकं करपतात, नवी पानं पिवळी येतात. पुण्यात हे झाड जगेल का?

जगेल, फळंही देईल. तुम्ही लिहिलंय की रोप काळ्या मातीत आहे, पाणी बोअरचं, निम्मं गांडूळखत आणि वर महिन्याला अंड्याच्या टरफलांची पूड. पुण्याच्या हवेचा इथे काही दोष नाही. रोपाला चुना बाधतोय.

हे झुडूप (सिनसेपॅलम डल्सिफिकम) पश्चिम आफ्रिकेतल्या घाना-नायजेरियाकडच्या दमट सखल रानातलं. कूळ चिकू-बकुळीचं, पण चिकू जी माती खपवून घेतो ती याला चालत नाही. याला मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबट-खारेपणाचं माप) ४.५ ते ५.८ हवा, आपली काळी माती बहुधा ७.५ च्या वर. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. म्हणून कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी. टोकं करपतात ती मात्र साचलेल्या क्षारांमुळे. नर्सरीवाले दोन्हीवर ‘खत घाला’ म्हणतात, त्याने क्षार आणखी वाढतात.

आधी माती बदला. रोप मातीच्या गोळ्यासकट पावसाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या. मुळं ओढू नका. आठ इंची प्लॅस्टिकची कुंडी घ्या. सिमेंटची नको, तिच्यातूनही चुना उतरतो. त्यात दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेली जांभ्याची माती, एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे). कोकोपीट तीन वेळा भिजवून पिळून घ्या, त्यातही मीठ असतं. दीड महिना कसलंही खत नको. पुढे महिन्यातून एकदा लिटरला १ ग्रॅम अमोनियम सल्फेट पुरे. राख, टरफलं, हाडांचं खत कायमचं बंद.

खरी कसोटी पाण्याची. एवढ्या कुंडीला रोज जास्तीत जास्त अर्धा लिटर लागतं, म्हणजे पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांना १२० लिटर. गच्चीवरचा २०० लिटरचा एक पिंप पुरून उरतो. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्या, मग भरा, आणि तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. पाऊस साठवणं अशक्यच असेल तर आरओचं शुद्ध पाणी चालेल. पण आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी नाही, त्यात क्षार आणखी दाट असतात. बोअरच्या पाण्यात थोडं थोडं लिंबूसत्त्व घालत, पीएच पट्टीने मोजत सामू ५.५ ते ६ पर्यंत आणता येतो, पण क्षार तिथेच राहतात. अडीअडचणीलाच हे करा.

पिवळेपणा लगेच हटवायचा तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पानांवर फवारा, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी. करपलेलं टोक परत हिरवं होत नाही, त्यामुळे सुधारणा पुढच्या फुटव्याच्या पानांवर पाहा.

पहिली दोन वर्षं ५० टक्के शेडनेट, मग सकाळचं ऊन. थंडीत वाढ थांबते, तेव्हा पाणी कमी करा. पानांमागे पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या बोळ्याने पुसून घ्या. वाढ अत्यंत मंद: फळाला तीन-चार वर्षं धरून चाला, आणि ‘सहा महिन्यांत फळ’ म्हणणाऱ्याकडून रोप घेऊ नका.

फळ करवंदाएवढं, लाल. गर मिनिटभर जिभेवर घोळवून मग लिंबू चोखा. त्यातल्या मिरॅक्युलिन या प्रथिनामुळे तासभर आंबट गोड लागतं. गर शिजवलात तर हा गुण जातो. लिंबू गोड लागलं तरी आम्ल तेवढंच असतं, दातांना जपा. बी फेकू नका: धुऊन त्याच दिवशी एक सेंटिमीटर खोल आडवी पेरा, वाळली की उगवत नाही.