वाळवंटाचीच वाट का?

प्रश्न : मेक्सिकोतून अमेरिकेत चोरून जाणारे लोक जीवघेण्या वाळवंटातूनच का जातात?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : पूर्वी बहुतेक जण तिथून जात नसत. मेक्सिकोचं तिहुआना शहर सीमेला अगदी चिकटून आहे. कुंपण ओलांडलं की माणूस अमेरिकेतल्या सान दिएगोच्या वस्तीत मिसळून जाई. १९९४ मध्ये अमेरिकेची ही सीमा रोखायची मोहीम, ‘ऑपरेशन गेटकीपर’, आली. कुंपण, दिवे, पहारा वाढला आणि माणसं पूर्वेकडे, अ‍ॅरिझोनाच्या सोनोरन वाळवंटाकडे वळली. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर, चाल कित्येक दिवसांची. एवढं पाणी पाठीवर कोण नेणार? तहानेने आणि उन्हाने माणसं वाटेतच मरतात, हे वाचताना मला अजून गलबलतं. टेक्सासात सीमा म्हणजे रिओ ग्रांदे नदी, तिथे बुडून मरतात.

माझी आत्या गोव्याच्या सीमेपलीकडे बांद्याला दिलेली. पोर्तुगीज अमदानीत, १९५५ नंतर सीमेवरच्या पत्रादेवीला पहारा कडक झाला तेव्हा आजोबा रानातून, तेरेखोल नदीची ओहोटी बघून तिला भेटायला जात. भीती त्यांनाही होती. पण आमच्या रानात जागोजागी व्हाळ होते, प्यायला पाणी होतं.