'मी निमित्तमात्र' म्हणणाऱ्या गुरूंना जाब विचारावा का?

तुमचा प्रश्न असा: गुरूंच्या हातून मोठी चूक झाली, लोकांनी ती दाखवून दिली, तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "मी कोण करणारा? मी निमित्तमात्र." ही नम्रता मानायची का? आणि शिष्याने पुढे विचारलं तर तो उद्धटपणा होतो का?

माझ्या मते ही नम्रता नाही, आणि विचारलंच पाहिजे. मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावच्या देवस्थान कमिटीत नऊ वर्षं खजिनदार आहे. तिथे जे पाहिलं त्यावरून लिहितो.

आधी त्या शब्दाविषयी. गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या 33व्या श्लोकात श्रीकृष्ण अर्जुनाला 'निमित्तमात्र हो' म्हणतात. त्या श्लोकाची सुरुवातच 'म्हणून तू ऊठ' अशी आहे. कर्तव्यापुढे गळून बसलेल्याला उभं करायला आलेला हा शब्द आहे. देऊळ बांधून पूर्ण झाल्यावर कोणी 'मी निमित्त' म्हणालं तर ते शोभतं. देवळाचे पैसे कमी भरले तेव्हा तोच शब्द तोंडी आला, तर तो आडोसा झाला.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. "बा देवा महाराजा, लेकराबाळांनी जी काय सेवा केली हा ती मान्य करून घे, काय चुकला-माकला असात तर पदरात घे रे महाराजा!" आणि सगळे म्हणतात, "व्हय महाराजा!" लहानपणापासून हे ऐकताना माझे डोळे भरून येतात. पण त्यात कोण चुकलं, काय चुकलं, किती चुकलं हे नसतं. गाऱ्हाणं सगळ्या गावाचं असतं, म्हणून तिथे तेच बरोबर आहे. एकट्या माणसाने स्वतःच्या चुकीसाठी तेच शब्द वापरले, की चूक गावभर वाटली जाते आणि त्याच्या वाट्याला काहीच उरत नाही.

आता आमच्या बुवांची गोष्ट. भजन, कीर्तन, घरातलं भांडण मिटवणं, सगळ्याला गाव त्यांच्याकडे जायचं. जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा व्हायची ती त्यांच्याकडे, कारण त्यांच्यापेक्षा विश्वासाचं माणूस गावात नव्हतं. एका पावसाळ्यात त्यांच्या पत्नीला तातडीने गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात न्यावं लागलं. घरात पैसे नव्हते. बुवांनी वर्गणीतले चौदा हजार उचलले.

दोन महिन्यांनी हरिनाम सप्ताह होता. शेवटच्या दिवशी सगळ्या वाड्यांचे पाळीपाळीने भजन करायचे पहारे संपले आणि गाव सभामंडपात जमलं, तेव्हा बुवा गळ्यातली वीणा काढून उभे राहिले. म्हणाले, "जीर्णोद्धाराच्या पैशातले चौदा हजार मी घेतलंय. कोणाक इचारूक नाय. बायको आजारी होती ह्या खरा, पण इचारूक होया होता. चूक माझी." मग वही आणि पेटीची चावी कमिटीपुढे ठेवली. पैसे हप्त्याने फेडीन, आणि फिटेपर्यंत कीर्तनाला उभा राहणार नाही, असंही सांगितलं.

मागून एक म्हातारे म्हणाले, "असूंदे बुवा, तुमी काय परके?" बरेच जण माना डोलवू लागले. बुवांनी हात वर केला. "असूंदे म्हणा नकात. आज असूंदे म्हटलात, तर उद्या दुसरो कोण घेयत, तेकाव असूंदे म्हणूचा लागात."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण ही गोष्ट मला महिनाभर आधी माहीत होती. पावत्या जुळवताना रक्कम कमी दिसली होती. मी बुवांच्या पाया पडणारा माणूस, विचारायचं कसं, म्हणून वही मिटून ठेवली. याला मी श्रद्धा समजत होतो. खरं तर मी माझं काम केलं नव्हतं, आणि एका चांगल्या माणसाला त्याच्या चुकीबरोबर महिनाभर एकटं सोडलं होतं. त्या सभेत बुवांनी माझं नाव घेतलं नाही. मीच उभा राहून सांगितलं.

देवळाबाहेरच्या ज्या फळ्यावर सप्ताहाचा कार्यक्रम लिहितात, त्याच फळ्याच्या कोपऱ्यात पुढचे अकरा महिने बुवांची बाकी खडूने लिहिलेली असायची. ते स्वतः यायचे, जुना आकडा पुसायचे, नवा लिहायचे. मुलं विचारायची तेव्हा न लाजता सांगायचे.

म्हणून तुमच्या गुरूंच्या बोलण्यात एवढंच शोधा: चूक कोणती, कोणाशी, भरपाई काय, आणि तोवर ते कोणता मान बाजूला ठेवणार. खाली बसणं, साधं नेसणं, स्वतःला धुळीचा कण म्हणणं यावरून काही कळत नाही. हे सगळं खऱ्या माणसातही असतं आणि दिखाऊ माणसातही. गाडगेबाबा कोणाला पाया पडू देत नसत, गावात आले की आधी झाडू हातात घेत. पण मला त्यांचं मोठेपण अधिक दिसतं ते यात, की लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या स्वतःच्या किंवा घरच्यांच्या ताब्यात ठेवल्या नाहीत. आमच्या भागातले कितीतरी जण टाटा हॉस्पिटलला पेशंट नेतात तेव्हा त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत उतरतात.

विचारायला एकटे जाऊ नका, दोघंतिघं जा. चारचौघांत सुरुवात करू नका, आधी खासगीत विचारा. उत्तर आलं नाही तर लेखी द्या. संस्था नोंदणीकृत असेल तर 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं विश्वस्तांना बंधनकारक आहे, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. विचारल्याबद्दल कोणी वाळीत टाकायची धमकी दिली तर घाबरू नका. कोकणात हे प्रकार फार झालेत, पण 2016च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एक गोष्ट मात्र वेगळी. तुम्ही 'मोठी चूक' एवढंच लिहिलंय. ती एखाद्या बाईशी किंवा मुलाशी केलेलं गैरवर्तन असेल, तर वर लिहिलेलं काहीच लागू नाही. तिथे गुरूंना खासगीत भेटू नका, गावकीत बसून मिटवू नका. थेट पोलिसांत जा. मुलाचा प्रश्न असेल तर 1098 वर फोन करा, आणि ज्याला त्रास झालाय त्याच्याजवळ आधी जाऊन बसा.

बुवा आता थकलेत, पण बाकी फिटल्यावर पुढच्याच सप्ताहात ते कीर्तनाला उभे राहिले होते. वर्गणीची पेटी त्यांनी पुन्हा घेतली नाही. आम्ही आग्रह केला, तरी नाही. आता पेटीला दोन कुलपं आहेत, एक चावी माझ्याकडे आणि एक खालच्या वाडीतल्या एका बाईंकडे, आणि पेटी उघडताना त्या प्रत्येक वेळी मला वही मोठ्याने वाचायला लावतात.