इन्चार्जपद सोबत येत नाही, सिस्टर

तुम्ही विचारलंत, 'दहा वर्षं वॉर्ड इन्चार्ज आहे, कोणी सांगायच्या आत कामं मार्गी लावते, तर इंग्लंडमध्ये मॅनेजर व्हायला किती वेळ लागेल?' सीबीटी (संगणकावरची परीक्षा), ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा), एनएमसीचा (तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा) पिन म्हणजे नोंदणी क्रमांक, यांची माहिती एनएमसीच्या साइटवर नीट आहे, ती मी परत लिहीत नाही.

बाहेरून येणाऱ्या बहुतेकींना नोंदणीकृत नर्स म्हणून सुरुवात बॅन्ड ५ या पगारश्रेणीवरच करावी लागते. वॉर्ड मॅनेजर साधारण बॅन्ड ७. मधला ६ नुसत्या वर्षांवर मिळत नाही. जागा निघाली की अर्ज, मुलाखत.

पण तुमचा प्रश्न मला दुसरीकडेच लागला. मी घरात थोरली, सांगायची वाट बघायची सवयच नाही. वॉर्डातला पुढाकार तिथूनच आला असं मी मानत होते. इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, लीडरशिप कोर्समध्ये शिकवलं की १९९३ मध्ये बेटमन आणि क्रँट या संशोधकांनी असा कल हा स्वभावगुण म्हणून मोजायची प्रश्नावली मांडली. मी मनात भांडत बसले. स्वभाव असतो, मान्य. पण तिकडे, जुन्या हॉस्पिटलात, कोणता डॉक्टर ऐकतो, ब्लड बँकेत कोणाला गाठायचं, हे मला पाठ होतं, आणि माझा शब्द चालायचा. इथं ड्युटी वाटपात बदल सुचवला तर 'ते सिस्टर बघतील' (इथं सिस्टर म्हणजे वॉर्डची प्रमुख) असं गोड आवाजात सांगितलं गेलं. स्वभाव तोच, पायाखालची जमीन गेली.

बोलायला वाट मात्र आहे. कर्मचाऱ्यांना निर्धास्त बोलता यावं यावरच्या सर रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१५च्या अहवालानंतर एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्टमध्ये 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन', म्हणजे कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेणारी माणसं, नेमली गेली. रुग्णाच्या सुरक्षेचं काही असेल तर तिथं जाता येतं. रोजच्या मानाचं काय, ते तिथं सुटत नाही.

शाळेतही तेच. मुलाचा जन्म ऑगस्टअखेरचा, इथं वर्ग वयावरून ठरतो, त्यात त्याची एक इयत्ता गळली आणि तो वर्गात सगळ्यांत लहान. आख्खा वॉर्ड हलवणारी मी हेडटीचरसमोर 'थँक यू' म्हणून उठले. अजून सलतं.

एकटेपणा? नाइट संपल्यावर येतो, झोपलं की जातो.

निघण्याआधी एक कराच. अनुभवाच्या दाखल्यात रोस्टर, इंडेंट (सामानाची मागणी), ऑडिट, नवीन मुलींचं ट्रेनिंग तुम्ही सांभाळलंत हे स्पष्ट लिहून घ्या, तिथं असेपर्यंतच. माझ्या जुन्या हॉस्पिटलने 'स्टाफ नर्स' आणि दोन तारखा एवढंच दिलं. दुरुस्तीसाठी अजून मेल पाठवते आहे.