छोट्या व्यवसायाने सोशल मीडियावर गिऱ्हाइकांशी नातं कसं जोडावं?

तुमची अडचण अशी की रोज पोस्ट टाकता, लाइकही येतात, पण गिऱ्हाईक काही जोडलं जात नाही. पोस्ट किती वाजता टाकावी, रील किती सेकंदांचं असावं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला त्यातलं काही सांगायचं नाही. आमचं सांगलीत साड्यांचं दुकान आहे आणि तुम्ही विचारलाय त्याच गोष्टीवरून आमच्या घरात मोठं भांडण झालेलं आहे, म्हणून राहवलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पार्सल उघडल्यावर गिऱ्हाइकाला जे कळणारच आहे, ते तुम्ही आधी, चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने सांगा. एवढं जमलं तर रील नाही केलं तरी चालतं. हे जमत नसेल तर रोज तीन रीलं करूनही उपयोग नाही.

आता हे मी कुठून शिकले ते सांगते. लांबेल, पण सांगते.

ऑगस्ट २०१९चा पूर. कापड पेठेतल्या सगळ्यांना २००५चा पूर पाठ होता. तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली होती आणि दुकानात पाणी कुठवर चढलं त्याची खूण आमच्या भिंतीवर होती. त्यामुळे पाणी वाढायला लागलं तसं आम्ही सगळा माल त्या खुणेच्या वरच्या फळ्यांवर रचला आणि घरी आलो. शेजारच्या दुकानांतही तेच केलं होतं. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. या वेळी ती ५७ फुटांच्याही वर गेली. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा आत जे दिसलं ते लिहीत बसत नाही, सांगलीकरांना माहीत आहे. सणासुदीसाठी भरलेला माल होता आणि २ सप्टेंबरला गणपती बसणार होते.

सुती साड्या चिखलातून निघाल्या तरी धुऊन वापरण्याजोग्या होत्या. रेशमाचं तसं नसतं. जरीचे धागे काळे पडले होते आणि घडीवर पिवळट रेघ उठली होती, ती कशानेच जात नव्हती. सगळ्यात वाईट हाल इरकलींचे. खऱ्या इरकलीत अंगाचं सूत आणि पदराचं रेशीम वेगवेगळं ताणून फासांनी एकमेकांत अडकवतात. पदर लाल. तो लाल रंग दिवसेंदिवस पाण्यात राहून अंगावर उतरला होता. काही साड्यांवर तर तो नक्षी काढल्यासारखा दिसत होता, म्हणजे ज्याला माहीत नाही त्याला ती नक्षीच वाटावी.

आणि भांडण इथेच झालं.

दुकानाचं फेसबुक पेज मी आधीपासून चालवत होते. शुक्रवारी संध्याकाळी लाइव्ह यायचे, पुणे, ठाणे, नाशिककडच्या बायका बघायच्या, स्क्रीनशॉट पाठवून साडी बुक करायच्या. थोरले भाऊजी दुकानाचे कर्ते. त्यांनी ठरवलं की बऱ्या दिसणाऱ्या साड्या वेगळ्या काढायच्या, ड्रायक्लीन करून इस्त्री मारायची, नवीन प्लास्टिकमध्ये घालायच्या आणि ऑनलाइन विकायच्या. दुकानात मात्र "पुरात भिजलेल्या मालाचा सेल" असा बोर्ड लावायचा. मी विचारलं, दुकानात सांगायचं आणि फोनवर का नाही सांगायचं? ते म्हणाले, "दुकानातलं गिऱ्हाईक हात लावून बघतंय, वास घेतंय. फोनवरच्या गिऱ्हाइकाला कुठे वास येतोय?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. मी म्हटलं, "भाऊजी, वास येत नाही म्हणूनच तिला जास्त सांगायला पाहिजे." ते उठून गेले. ते वाईट माणूस नाहीत हे इथेच लिहून ठेवते. बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर होतं, व्यापाऱ्यांची देणी त्यांच्या नावावर होती, आणि रात्र रात्र झोपत नव्हते. पण ते चुकत होते.

माझे मिस्टर मध्ये अडकले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तिचं पेज आहे, तिला काय बोलायचं ते बोलू दे." त्यांनी आणि मी सांगलीतल्याच विश्रामबागच्या घराच्या गच्चीवर दोऱ्या बांधून साड्या टाकल्या आणि मी तिथूनच लाइव्ह सुरू केलं. पहिलंच वाक्य असं होतं: हा सगळा माल पुराच्या पाण्यात होता, त्या पाण्यात गटारीचंही पाणी होतं, आम्ही तो धुतलाय, पण नवा म्हणून विकत नाही. मग एकेक साडी घेतली. कॅमेरा डागावर नेला. रंग कुठे उतरलाय ते बोटाने दाखवलं. उलगडून मागची बाजू दाखवली. भाव बोलून दाखवला, शिवाय पाटीवर लिहून साडीला लावला होता. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या लेकरांसाठी यातलं काही घेऊ नका, हेही सांगितलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. एकीने लिहिलं, घाणीतलं कापड लोकांच्या गळ्यात मारताय. दुसऱ्या एकाने लिहिलं, पुराची सहानुभूती विकायला बसलात. पुतण्या मागून म्हणत होता, काकू, डिलीट करतो. मी नको म्हटलं. पहिलीला उत्तर दिलं की तुमची शंका बरोबर आहे, कसं धुतलंय ते सांगते, तरी मन घेत नसेल तर घेऊ नका. दुसऱ्याला सांगितलं की अर्धी किंमत मागतेय, मदत मागत नाही. दोन्ही कमेंट त्या व्हिडिओखाली तशाच राहू दिल्या.

त्यानंतर जे झालं ते मला कुठल्या मार्केटिंगच्या क्लासात कुणी सांगितलं नसतं. बघणाऱ्या बायका एकमेकींशी बोलायला लागल्या. मी बाजूलाच राहिले. पदराचा रंग उतरलेल्या इरकलीचं काय करायचं? एकीने लिहिलं, पदर कापून त्याचे ब्लाउज होतील. दुसरी म्हणाली, अंगाच्या कापडाचे परकर-पोलके शिवते, नातीला. गोधड्या शिवणाऱ्या एका काकूंनी सुती साड्यांचा गठ्ठाच मागितला आणि पुढे त्या गोधड्यांचे फोटो आमच्याच पेजवर टाकले. डागाच्या साड्या संपल्या. पैसे मुद्दलाच्या जवळपासही आले नाहीत, हे मान्य. पण एकही पार्सल परत आलं नाही, कारण पार्सलात काय निघणार हे तिला आधीच माहीत होतं.

पुढच्याच वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि दुकान बंद. तेव्हा फोन कुणाचे आले? त्याच बायकांचे. "तुम्ही फक्त सांगा कशी आहे, मी न बघता घेते," असं म्हणणारी गिऱ्हाइकं जाहिरातीने मिळत नाहीत.

आता लोक म्हणतात, तुमच्याकडे पूर आला होता, आम्ही काय सांगणार? अहो, प्रत्येक धंद्यात अशी एक गोष्ट असते जी दुकानदार बोलत नाही. आमच्यात ती पैठणीची आहे. हातमागावरच्या पैठणीत काठापदराची नक्षी एकेका रंगाचा धागा हाताने गुंतवत विणतात, त्यामुळे ती मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या पैठणीच्या मागच्या बाजूला धागे सुटे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. २०१० साली पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी "येवला पैठणी" म्हणून यंत्रमागाचा माल सर्रास खपवला जातो. मी यंत्रमागाचाही विकते, त्यात गैर काहीच नाही, सगळ्यांना हातमागाची परवडत नाही. पण व्हिडिओत पहिल्यांदा साडी उलटी करते आणि "ही मशीनवरची" म्हणून भाव सांगते. त्यानंतर बायका घरातल्या जुन्या पैठण्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवून विचारायला लागल्या, आमची कुठली? मी उत्तर देते. त्यात विक्री काही होत नाही. तुम्ही विचारताय ते जोडणं म्हणजे माझ्या लेखी हेच.

आणि भावाचं. "किमतीसाठी इनबॉक्समध्ये या" हे लिहिणं आज बंद करा. गिऱ्हाइकाने सरळ विचारलंय, सरळ उत्तर द्या. असं लिहिणारा दुकानदार मला गिऱ्हाइकाकडे पाठ करून गादीवर बसलेल्या माणसासारखा वाटतो. भाऊजींचं म्हणणं होतं की भाव उघड केला तर शेजारचा पाच रुपये कमी लावतो. लावू दे. तो दुकानाच्या काचेत लावलेला भावही बघतोच की. शिवाय कमेंटमध्ये एकीला दिलेलं उत्तर विचारायला लाजणाऱ्या कितीतरी जणी वाचतात. इनबॉक्समध्ये तेच उत्तर प्रत्येकीला नव्याने द्यावं लागतं.

तक्रारही उघडच घ्या. तिने पेजवर लिहिलं असेल तर "डीएम केलाय", म्हणजे खाजगी मेसेज पाठवलाय, एवढं लिहून पळू नका. काय झालं, काय करतोय, कधीपर्यंत, हे तिथेच लिहा. पत्ता आणि फोन नंबर तेवढा खाजगीत घ्या.

अजून एक, हे फार कमी लोक करतात. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, आवड स्वतःच्या वहीत ठेवा. पेज आपलं नसतं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की लोकांना मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी दाखवणार, धंद्याच्या पेजचा नंबर नंतर. त्यानंतर पैसे न भरता पोस्ट पोचणं कमी झालं. आणि ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही जगभर बंद पडलं ते साधारण सहा तास. घटस्थापना होती गुरुवारी, ७ तारखेला, म्हणजे नवरात्राच्या नऊ रंगांच्या साड्यांची विक्री ऐन भरात आणि लाइव्हचीही तीच वेळ. ज्यांच्याकडे नंबर लिहिलेले होते त्यांना साधा एसएमएस किंवा फोन करता आला. मी वहीच उघडली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना, करत असाल तर हेही लक्षात घ्या की एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. म्हणून पार्सलात चिठ्ठी घाला, नंबर सेव्ह करायला सांगा. आणि माणसं न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका. सकाळी सकाळी गुड मॉर्निंगची फुलं पाठवणाऱ्या दुकानातून कोण साडी घेणार?

पैसे देऊन फॉलोअर घेऊ नका, हे सांगायला लागू नये. जाहिरातीला माझा विरोध नाही. नवरात्र-दिवाळीला आम्हीही देतो. पण जाहिरात बघून आलेली बाई आधी जुन्या कमेंट खाली सरकवून वाचते. तिथे तुम्ही गप्प बसलेले दिसलात तर जाहिरातीचे पैसे गेले.

काही गोष्टी कबूल करायला हव्यात. हे सगळं अशा धंद्याला लागू पडतं जिथे वस्तू महाग आहे आणि घेणाऱ्याला फसण्याची भीती आहे. साड्या, दागिने, आंबे, फर्निचर, घरं. तुमचा वडापावचा गाडा असेल तर गूगलवर दुकानाच्या वेळा नीट टाका, फोन उचला, बास. घाऊक विक्री करत असाल तरीही हे फारसं उपयोगाचं नाही, तिथे ओळखी चालतात. आणि खरं बोलल्याने काही गिऱ्हाइकं जातात, अगदी कायमची जातात. मशीनची म्हटल्यावर "मग नको" म्हणून लाइव्ह सोडून जाणाऱ्या बायका दर वेळी असतात. महिन्याचा हप्ता डोक्यावर असताना ते बघणं सोपं नसतं, आणि भाऊजींना तेच बघवत नव्हतं हे मला आता जास्त कळतं.

पण कळलं म्हणून माझं मत बदललेलं नाही. आम्ही वेगळे झालो, जुनं दुकान त्यांच्याकडे, ऑनलाइन आमच्याकडे. जुलै २०२१ला कृष्णा पुन्हा ५४ फुटांवर गेली तेव्हा दोघांनी मिळून माल हलवला, पूर्ण हलवला, जुन्या खुणेवर विसंबलो नाही. त्या वेळी पेजवर "या वेळेस साड्या भिजल्या का, ताई?" असं विचारणाऱ्या बायका होत्या आणि "नाही भिजल्या" हे माझं उत्तर त्यांनी लगेच खरं मानलं. भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. तुम्ही २०१९च्या पुरानंतर म्हणालात तसं इस्त्री मारून विकलं असतं, तर त्या दिवशी माझ्या "नाही"ला काय किंमत राहिली असती?

तुम्ही प्रश्नात काय विकता ते लिहिलेलं नाही. ते लिहा, म्हणजे तुमच्या मालातली न बोलली जाणारी गोष्ट कोणती ते शोधायला मदत करते. तोवर पेजवरच्या जुन्या पोस्ट उघडून बघा आणि जिथे जिथे कुणी भाव विचारून उत्तर न मिळता गेलंय, तिथे आज उत्तर द्या. उशिरा दिलं तरी चालतं, बायका परत येऊन बघतात.