नेपल्सच्या धक्क्यावर चार दिवस

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकते. पुढच्या सत्रात ती जहाजावरच वर्ग भरवणाऱ्या एका अभ्यासक्रमासाठी निघणार असून, तिचे जहाज ग्रीसनंतर नेपल्सच्या बंदरात चार दिवस थांबेल. त्यांपैकी एक दिवस वर्गाबरोबर पॉम्पेईला जायचे आहे. उरलेल्या तीन दिवसांत व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम अशी तिन्ही शहरे पाहून यायची, असा बेत तिने आणि तिच्या मैत्रिणींनी आखला आहे. एवढ्या लांब जाऊन हे न पाहताच परतायचे का, असे ती विचारते. मला मात्र या धावपळीची धास्ती वाटते. आपण काय सुचवाल?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे. बंदरातले चार दिवस हे हाती येताना चार नसतात, ही गोष्ट पहिल्यांदा जहाजाने जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पहिल्या दिवशी जहाज पहाटे धक्क्याला लागले तरी कागदपत्रांची तपासणी होऊन मुले खाली उतरेपर्यंत सकाळ सरते, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या आत परत चढावे लागते. त्यातून पॉम्पेईचा दिवस वजा केला की उरतात जेमतेम दोन पूर्ण दिवस आणि काही सुटे तास. नेपल्सहून व्हेनिसला वेगवान गाडीनेही जायला पाच तासांच्या आसपास लागतात आणि यायला तेवढेच. फ्लॉरेन्स सुमारे तीन तासांवर आहे. म्हणजे ग्रँड कनालच्या काठी दोन घटका उभे राहण्यासाठी दहा तास गाडीत बसायचे. याला पाहणे म्हणत नाहीत, भोज्याला शिवून येणे म्हणतात. व्हेनिस बुडते आहे हे खरे, पण आपली मुलगी पुन्हा इटलीला जाईपर्यंत ते नक्की तग धरील.

रोमची गोष्ट वेगळी आहे. नेपल्सच्या मुख्य स्थानकावरून वेगवान गाडी सव्वा तासाच्या आत रोमला पोहोचवते, त्यामुळे तिचा फारच आग्रह असेल तर मधला एक दिवस रोमला द्यावा आणि त्यातही कोलोसियम, फोरम आणि पँथिऑन एवढ्यावरच समाधान मानावे. व्हॅटिकनची संग्रहालये त्याच दिवशी उरकायचा मोह टाळावा. मात्र माझे मत विचाराल तर मी तोही दिवस नेपल्सच्या आखातालाच देईन.

याचे पहिले कारण म्हणजे धक्का. रोमला जाणारी जहाजे ज्या चिवितावेक्किया बंदरात लागतात ते रोमपासून सत्तर किलोमीटरांहून जास्त दूर आहे. नेपल्समध्ये मात्र जहाजाची शिडी उतरून रस्ता ओलांडला की समोर मास्क्यो अँजोइनो हा काळपट बुरुजांचा किल्ला उभा असतो आणि तिथूनच शहर सुरू होते. ग्रीक वसाहतकारांनी या शहराला नेआपोलिस, म्हणजे ‘नवे नगर’, असे नाव दिले होते, आणि त्यांनी आखलेले सरळ रस्ते आजही जुन्या वस्तीत वापरात आहेत. त्यांतला एक शहराला सुरीने चिरावे तसा आरपार जातो, म्हणून त्याचे नावच स्पाक्कानापोली, ‘नेपल्स चिरणारा’, असे पडले आहे. वर गच्च्यांतून वाळत घातलेले कपडे, खाली स्कूटर, मध्येच एखाद्या चर्चचे दार उघडे. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेठेतून हिंडणाऱ्याला हा गोंगाट परका वाटणार नाही. हे जुने नगर 1995 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच परिसरातल्या सानसेव्हेरो प्रार्थनागृहात जुझेप्पे सानमार्तिनो या शिल्पकाराने 1753 मध्ये घडवलेला, झिरझिरीत वस्त्राखाली पहुडलेला ख्रिस्त आहे. ते वस्त्रही संगमरवराचेच आहे, हे जवळ जाऊनही मनाला पटत नाही. आत छायाचित्र काढू देत नाहीत आणि तिकीट आधी घेऊन ठेवावे लागते.

दुसरे कारण आपल्या घराच्या अधिक जवळचे आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, पॉम्पेईतून निघालेल्या भित्तिचित्रांच्या आणि मोझाइकच्या संग्रहाबरोबरच, सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. 1938 मध्ये अमेदेओ माइउरी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली आणि त्या घराला तेव्हापासून ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणतात. अंगावर भरगच्च दागिने, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना हातात प्रसाधनाची साधने घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी, आणि डोक्यात वरून खाली गेलेले एक भोक, ज्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी असा तर्क केला जातो. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले. यक्षी म्हणणे अधिक योग्य, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

ही मूर्ती आली कुठून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर असल्याने काहीजण वायव्येकडे, गांधाराच्या दिशेला बोट दाखवतात. पण तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडली आहे आणि ती तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळते. जालना जिल्ह्यातले भोकरदन हे पॉम्पेईच्या मूर्तीचे माहेर असावे, असे मतही आपल्याकडच्या पुरातत्त्वज्ञांनी मांडलेले आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या प्रवासपुस्तिकेत, पेरिप्लसमध्ये, पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नावे येतात आणि तेथला माल गाड्यांतून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराकडे जात असे, असे तिच्यात नोंदवले आहे. भडोचहून तांबडा समुद्र, तेथून उंटांवरून नाईल नदी, मग अलेक्झांड्रिया आणि तेथून भूमध्य समुद्र ओलांडून इटली, असा तो मार्ग. आपली मुलगी जहाजाने ज्या आखातात शिरेल त्याच आखातात तो माल उतरत होता. संग्रहालय मंगळवारी बंद असते, सानसेव्हेरोही मंगळवारीच, तेव्हा दिवस ठरवताना वार पाहावा. मूर्ती ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात ठेवलेली असते. दालनांची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून दारातच तिची जागा विचारून घ्यावी.

तो माल नेमका उतरत होता तो नेपल्सला नव्हे, तर आखाताच्या पश्चिम टोकाला असलेल्या पोत्सुओलीला, म्हणजे रोमनांच्या पुतेओलीला. मोन्तेसान्तो स्थानकावरून सुटणारी कुमाना ही छोटी गाडी किंवा मेट्रोची दोन क्रमांकाची मार्गिका अर्ध्या तासाच्या आसपास तेथे नेते, आणि पर्यटक सहसा तिकडे फिरकत नाहीत. गावाच्या मध्यावर, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, रोमन मंडईचे अवशेष आहेत. उत्खननात सेरापिस देवाची मूर्ती निघाल्यामुळे त्यांना बरीच वर्षे देऊळ समजले जात होते. तिथे संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. मुलीला कठड्याजवळ थांबून त्या खांबांकडे नीट पाहायला सांगा. बुंधा गुळगुळीत, शेंडाही गुळगुळीत, आणि मध्ये पुरुषभर उंचीच्याही वर, चाळणीसारखी भोके पडलेला एक पट्टा. ती भोके दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी केली आहेत. म्हणजे ही जमीन एकदा खांबांसकट समुद्रात तेवढी खोल गेली होती आणि नंतर खांब न पाडता पुन्हा वर आली. खालच्या ज्वालामुखीच्या श्वासाबरोबर ती आजही वर-खाली होते. 1982 ते 1984 या काळात ती जवळपास पावणेदोन मीटर उचलली गेली आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. भूगर्भशास्त्राच्या वर्गात तासभर ऐकून जे समजत नाही ते या खांबांपाशी पाच मिनिटांत समजते.

पॉम्पेईला आपली मुलगी वर्गाबरोबर जाणारच आहे, तेव्हा त्याबद्दल फार लिहीत नाही. रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड आणि त्यांच्या मधून गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या पाहायला मात्र विसरू नये; ‘चाकोरी’ हा शब्द तिथे खराखुरा पायाखाली येतो. नोव्हेंबर 2024 पासून तेथे दिवसाला 20,000 जणांनाच प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नाव असते, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे. उरलेल्या दिवसांतली एक सकाळ एर्कोलानोला, म्हणजे हर्क्युलेनियमला द्यावी. चिर्कुमवेसुव्हियाना या लोकल गाडीने ते पॉम्पेईच्या निम्म्या वाटेवर लागते. इ. स. 79 मध्ये पॉम्पेईला गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या त्याच उद्रेकात गाडले गेलेले हे गाव लहान आहे, पण तप्त राखेच्या लोटाने त्याला इतक्या खोल आणि घट्ट झाकले की लाकूड जळून न जाता कोळसा होऊन टिकले. दारे, तुळया, माळ्याचे जिने, एक पाळणासुद्धा. पॉम्पेईत रस्ते भेटतात, इथे घरे भेटतात. जुन्या किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कमानींत, समुद्राकडे धावलेल्या सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे मिळाले; तिथे उभे राहिल्यावर मुले आपोआप गप्प होतात.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो आणि अशाच एका सागरी सत्रासाठी माझी निवड झाली आहे. आमचे जहाज इटलीनंतर मोरोक्को आणि मग स्पेनला जाईल. माझे पारपत्र भारतीय आहे. एक व्हिसा पुरेल का? शिवाय मी शुद्ध शाकाहारी आहे, आणि जहाज चुकले तर काय, ही घरच्यांची काळजी आहे.
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : इटली आणि स्पेन दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, मोरोक्को नाही. इटलीहून निघालात की आपण क्षेत्राबाहेर गेलात आणि स्पेनला पुन्हा आत शिरलात, म्हणून एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालणार नाही. अनेक वेळा प्रवेश देणारा मागावा. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, दिवस समान असतील तर जिथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आपल्याकडे भेटीची तारीखच लवकर मिळत नाही, तेव्हा मोरोक्कोच्या व्हिसासकट सगळे जहाजावर चढण्यापूर्वी पुरे करावे. वाटेतल्या बंदरात यातले काहीही जमणार नाही.

जहाज कोणासाठी थांबत नाही. परतण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ या दोन वेगळ्या असतात; आपल्याला पहिलीशी काम. चुकलेल्याने पुढचे बंदर स्वखर्चाने गाठायचे असते, आणि पारपत्र जहाजाच्या कार्यालयात जमा असेल तर तेही सोपे राहत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी काप्री बेटावर जाऊ नये, वारा वाढला की तिथल्या बोटी रद्द होतात. त्या दिवशी पायी परतता येईल एवढ्याच अंतरात राहावे. रेल्वेचे संप इटलीत वरचेवर होतात, पण बहुधा आधी जाहीर होतात. ‘शोपेरो’ हा शब्द फलकावर दिसला की चौकशी करावी. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवावा लागतो. मी एकदा तो विसरलो आणि तिकीट हातात असूनही दंड भरला.

खाण्याचे म्हणाल तर नेपल्स हे पिझ्झाचे घर. तिथल्या पिझ्झा बनवणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने 2017 मध्ये मान्यता दिली आहे. मारिनारा हा सर्वांत साधा प्रकार टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढ्यावरच होतो, त्यावर चीज नसते. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते, तेव्हा काटेकोर पाळणाऱ्याने ते नको म्हणावे. स्फोल्यातेल्ला नावाची पापुद्र्यांची शिंपल्यासारखी गोड करंजी दुकानादुकानांतून गरमागरम मिळते आणि वास फार मोहात पाडतो, पण तिचे पापुद्रे परंपरेने डुकराच्या चरबीत सोडवलेले असतात. ‘स्त्रुत्तो’ आहे का, एवढे विचारून मगच घ्यावी. कॉफी उभ्यानेच प्यावी. बसलात की तिचा दर वाढतो.