सह्या राहू द्या, आधी नोटीस शेवटपर्यंत वाचा (कोलोरॅडोचा अनुभव)

"गावामागच्या पब्लिक लँडचे तुकडे तेल-गॅसच्या लिलावात आलेत, ऑनलाइन पिटिशनवर 900 सह्या झाल्यात, आता पुढे काय?" तुमचं हे वाचलं आणि 2018 सालचे आम्हीच डोळ्यांपुढे आलो. आम्हीही वेस्टर्न स्लोपवरच, म्हणजे कोलोरॅडोच्या पश्चिम डोंगराळ भागातच राहतो.

बीएलएम (अमेरिकन केंद्र सरकारच्या जमिनी म्हणजे पब्लिक लँड सांभाळणारं आणि हे लिलाव करणारं खातं), फ्रॅकिंग (जमिनीखालचा खडक फोडून तेल-गॅस काढणं) वगैरे तुम्हाला माहीत असेलच. आमचं कुठे फसलं ते सांगतो. कमेंट आणि प्रोटेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमेंट म्हणजे आपलं म्हणणं, ते पर्यावरण-अहवालाच्या वेळी द्यायचं; प्रोटेस्ट म्हणजे औपचारिक हरकत, ती लिलावाची नोटीस निघाल्यावर. त्या वर्षी प्रोटेस्टची मुदत 30 दिवसांवरून 10 वर आणली होती, आणि आम्ही त्यातले आठ दिवस सह्या गोळा करण्यात घालवले! नवव्या दिवशी एका कचेरीत फोन केला (नाव घेत नाही). पलीकडच्या बाई म्हणाल्या, ईमेल चालेल. पाठवला. नोटिशीत मात्र स्वच्छ लिहिलं होतं: हार्ड कॉपी किंवा फॅक्स. प्रोटेस्ट बाद. फोनवरचं बोलणं, लेखी काहीच नाही, भांडणार कशाच्या जोरावर? चूक माझीच, पण त्या बाईंचा गोड आवाज आठवला की अजून डोकं तापतं.

मी वकील नाही. मुदत आणि पद्धत तुमच्या नोटिशीत असेल तीच खरी, माझ्यावर विसंबू नका.

माझं स्पष्ट मत: 900 जणांचा एकच मजकूर म्हणजे एकच मुद्दा. त्यापेक्षा वीस जणांनी आपापलं लिहावं. पार्सल नंबर (लिलावातल्या तुकड्याचा क्रमांक), तिथून विहीर किती लांब, पाटाचं पाणी कुठून येतं, हिवाळ्यात एल्क (इथली मोठी हरणं) कुठे उतरतात. कमेंटमध्ये जे मांडलं नाही ते पुढे कोर्टात काढणं फार अवघड जातं. आणि लीज (तेल-गॅस काढण्याचा भाडेपट्टा) एकदा कंपनीला दिली गेली की 10 वर्षांची.

रिगवर (तेलविहीर खोदायच्या यंत्रावर) काम करणाऱ्या शेजाऱ्यांशी वैर घेऊ नका. ट्रक कुठल्या रस्त्याने येतील हे आम्हाला त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं.

घर स्वतःचं असेल तर कागद काढून बघा. सातबाऱ्यावर नाव म्हणजे जमीन आपली, ही आपली सवय. इथे वरची जमीन तुमची आणि खालचं खनिज सरकारचं असू शकतं. विहिरीचं पाणी ड्रिलिंगच्या आधीच तपासून रिपोर्ट ठेवा, नंतरच्याला काही अर्थ नाही.

व्हिसावर असाल तरी कमेंट देता येते, फक्त नाव-पत्ता जाहीर होऊ शकतो.

फॅक्स लागलाच तर लायब्ररीत विचारा. पोचपावती मागून घ्या.