पीआर (जनसंपर्क) एजन्सीत इंटर्नशिपचे दोन महिने काढणार असशील तर

पहिला आठवडा कात्रणांतच जाईल, हे आधीच सांगते. सकाळी लवकर पोहोचायचं, लोकसत्ता, मटा, सकाळ, लोकमत चाळायचे आणि क्लायंटचं नाव कुठे आलंय ते शोधून कव्हरेजच्या शीटमध्ये भरायचं. कंटाळवाणं वाटेल, पण कोणता बातमीदार कोणत्या विषयावर लिहितो हे इथेच कळतं. बायलाइन, म्हणजे बातमीवरचं बातमीदाराचं नाव, वहीत टिपत जा. एजन्सीची मीडिया लिस्ट, म्हणजे पत्रकारांची यादी, बरेचदा जुनी असते, तुझी वही ताजी असेल.

मराठी येतं म्हटल्यावर इंग्रजी प्रेसनोटचं भाषांतर तुझ्याच गळ्यात पडणार. तेव्हा 'आम्हाला घोषित करण्यास अत्यंत आनंद होत आहे' असलं काही लिहू नकोस. काय, कुठे, कधी, किती हे पहिल्या परिच्छेदात आणि साहेबांचं कौतुक खाली. मजकूर युनिकोडमध्येच पाठव. मी एकदा जुन्या फॉन्टमध्ये पाठवला होता आणि समोर नुसती चिन्हं उमटली. फोटो वेगळा जोड, फोटोओळीसह.

बातमीदाराला फोन दुपारी बाराच्या आसपास कर. संध्याकाळी तिकडे उद्याच्या अंकाचं पान लागत असतं, तेव्हा 'मेल मिळाला का सर?' विचारलंस तर ओरडा खाशील. बातमी छापाच असा हट्ट तर कधीच नको, जागा हवी असेल तर जाहिरात विभाग आहे.

आणि हो, विद्यावेतनाचं आणि प्रमाणपत्राचं रुजू होण्याआधी ईमेलवर लिहून घे. तोंडी 'बघू' म्हणणारे पुष्कळ भेटतात.